बलुची ही फारसीची बोली आहे का? आणि बुगटी मराठे मराठी का बोलत नाहीत?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "बलुची ही फारसीचीच एक बोली ना? बलुच लोक मूळचे कुठले? आणि पानिपतानंतर बलुचिस्तानात, बुगटी या बलुच टोळीच्या मुलखात, नेलेल्या मराठ्यांचे वंशज आजही तिथे असतील, तर त्यांच्या तोंडी मराठी का उरली नाही?"

वरवर पाहता हे तीन वेगळे प्रश्न आहेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. जमात एक म्हणजे भाषा एक, आणि भाषा एक म्हणजे रक्त एक, असं आपण मनात धरून चालतो. बलुचिस्तानात ही समजूत पावलोपावली मोडते. मी इराणी भाषा शिकलो, नंतर शिकवल्या, आणि मस्कतच्या नोकरीत बलुची बोलणाऱ्या माणसांमध्ये बरीच वर्षं काढली. त्या आधारावर जरा सविस्तर लिहितो.

आधी भाषेचं. बलुची फारसीची बोली नाही. दोघी इराणी कुळातल्या आहेत, म्हणजे संस्कृतच्या चुलत घराण्यातल्या, पण शाखा वेगळ्या. फारसी नैऋत्य इराणी शाखेतली, तर बलुची वायव्य इराणी शाखेतली, कुर्दीच्या आणि आता लोप पावलेल्या पार्थियनच्या बाजूची. नकाशावर पाहिलं तर बलुच आज इराणी प्रदेशाच्या पार आग्नेय टोकाला आहेत आणि भाषेचं नातं मात्र वायव्येकडचं सांगतं. हा विरोधाभास लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शाखा वेगळी हे कशावरून? उच्चारांवरून. आणि इथे मराठी वाचकाला एक मोठी सोय आहे, कारण एका हाताला संस्कृत आहे आणि दुसऱ्या हाताला मराठीत मुरलेले शेकडो फारसी शब्द. पाणी म्हणजे संस्कृतात आप्, फारसीत आब, बलुचीत आप. दात म्हणजे दन्त, फारसीत दंदान, बलुचीत दंतान. पाय म्हणजे पाद, फारसीत नुसतं पा, बलुचीत पाद. भाऊ म्हणजे भ्रातृ, फारसीत बिरादर, बलुचीत ब्रात. आपण 'रोज' म्हणतो तो फारसीतून आलेला दिवस. बलुचीत तो रोच आहे, आणि त्यातला च मूळ इराणी रूपाच्या जास्त जवळचा आहे. फारसीत स्वरांमागचे प, त, च, क हे काळाच्या ओघात मऊ पडले, घोष झाले, काही गळाले. बलुचीने ते धरून ठेवले. आकडे पाहा: बलुचीत पाच म्हणजे पंच, सात म्हणजे हप्त. फारसीत पंज आणि हफ्त.

दुसरी खूण आणखी पक्की आहे. जाणणे या धातूचं फारसी रूप 'दान', बलुची रूप 'झान', कुर्दीतही झ-च. जावई संस्कृतात जामातृ, फारसीत दामाद, बलुचीत झामास. हृदय फारसीत दिल, बलुचीत झिर्द. जिथे फारसी द म्हणते तिथे बलुची आणि उत्तरेकडच्या तिच्या बहिणी झ म्हणतात. हा फरक दोन हजार वर्षांहून जुना आहे. कुणी फारसी बोलता बोलता उच्चार बिघडवले आणि बलुची झाली, असं त्यामुळे म्हणताच येत नाही. स्त्रीसाठीचा शब्द घ्या. फारसीत झन, ज्यावरून आपला जनाना आणि जनानखाना आला. बलुचीत तो जन आहे, आणि त्यातला ज आपण 'जनता' म्हणताना काढतो तो. दोन्ही ज मराठीत आहेत म्हणून हा भेद आपल्याला लगेच ऐकू येतो. हिंदी भाषकाला तो मुद्दाम समजावून द्यावा लागतो.

बलुचीने नवंही केलं आहे. शब्दाच्या आरंभीचा व तिथे 'ग्व' झाला. वारा, म्हणजे वात, बलुचीत ग्वात. वत्सावरून आपलं वासरू झालं, त्याच कुळातलं त्यांचं ग्वस्क. वीस म्हणजे गीस्त, जरी आता बरेच जण फारसीच्या प्रभावाने बीस्त म्हणतात. फ आणि ख़ हे ध्वनी जुन्या बलुचीत नव्हतेच, त्यामुळे सफर या शब्दाचं तिथल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी सपर होतं. वाजा हा आदराचा शब्द, आपल्या राव-साहेबांसारखा नावाआधी लावतात, तो ख्वाजाचाच बलुची अवतार. आणि ट, ड, ड़ हे मूर्धन्य ध्वनी बलुचीत सर्रास आहेत, जे फारसीत नाहीत. ते सिंधी, सराइकी वगैरे शेजाऱ्यांकडून आले.

पश्तोशी तिची गल्लत केली जाते, कारण बलुचिस्तानात दोन्ही भाषा शेजारी नांदतात. पण पश्तो पूर्व इराणी आहे. पश्तोत भाऊ व्रोर, आई मोर, हात लास. बलुचीत ब्रात, मात, दस्त. क्वेट्ट्यातल्या बलुचाला शेजारच्या पठाणाची भाषा शिकावी लागते. ती आपोआप कळत नाही.

आता व्याकरणातली एक जागा जवळून दाखवतो, कारण ती पाहून मी स्वतः हरखलो होतो. 'माणूस बाईला पाहतो' हे मक्रानकडच्या बलुचीत असं होतं: मर्द जना गिंदीत. इथे 'जन'ला आ लागला, कारण ती कर्म आहे. आपल्या 'ला'चं काम. आता भूतकाळ: 'माणसानं बाई पाहिली'. बलुचीत: मर्दा जन दीस्त. आ उडी मारून मर्दाला लागला! वर्तमानात कर्माला, भूतकाळात कर्त्याला. आपण 'ला' आणि 'नं' असे दोन प्रत्यय वापरतो, ते हे काम एकाच आ-ने करतात. पण रचना तीच, जिला व्याकरणकार कर्मणी प्रयोग म्हणतात. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना हा भाग दिवसेंदिवस झगडून समजतो. मराठी विद्यार्थ्याला एका वाक्यात समजतो. फक्त एक ध्यानात ठेवायचं: बलुचीत व्याकरणिक लिंग नाही, त्यामुळे पाहिला-पाहिली-पाहिलं ही आपली कसरत तिथे नाही.

आणि ही रचना सगळीकडे सारखी नाही, हे फार महत्त्वाचं आहे. बलुचीच्या ढोबळ मानाने तीन शाखा धरतात. पश्चिमेची रख्शानी: इराणचं सरहद, अफगाणिस्तानातला निमरूझ आणि हेलमंद, खारान, चागई, आणि पार तुर्कमेनिस्तानातल्या मर्वपर्यंत. दक्षिणेची मक्रानी: केच, ग्वादर, इराणचा किनारा, कराचीतलं ल्यारी, आणि ओमान-आखातातले बहुतेक बलुच. पूर्वेची सुलैमानी: मर्री, बुगटी आणि डेरा गाझी खानच्या डोंगराळ टापूतली. फारसीच्या छायेत राहिलेल्या सीस्तानकडच्या बलुचीतून कर्मणी प्रयोग जवळजवळ गेला आहे. दक्षिणेत आणि पूर्वेत तो टिकून आहे, कारण तिथे शेजारच्या सिंधी-उर्दूतही तोच प्रयोग आहे. पूर्वेच्या बोलीत उच्चारही सरकले: आपचं आफ, रोचचं रोश. ग्वादरचा मच्छीमार आणि डेरा बुगटीचा मेंढपाळ पहिल्यांदा बोलू लागले तर दोघांनाही कान लावावा लागतो, पण एकाच भाषेत बोलतोय याबद्दल दोघांच्याही मनात शंका नसते.

दुसरा प्रश्न, बलुच आले कुठून. बलुचांच्या स्वतःच्या गाथांमध्ये उत्तर तयार आहे: आम्ही मीर हम्झाचे वंशज, हलब म्हणजे आलेप्पोहून निघालो, करबलानंतर. कुळाला इस्लामी इतिहासातल्या थोर नावाशी जोडणं त्या काळी अनेक जमातींनी केलं, आणि गाथा म्हणून तिची किंमत मोठी आहे. पण भाषा अरबी मुळाची नाही, शब्दांचा आणि व्याकरणाचा गाभा पूर्ण इराणी आहे. लिखित पुरावा दहाव्या शतकाच्या आसपासचा मिळतो. अरबी भूगोलकारांनी आग्नेय इराणातल्या किरमानच्या डोंगराळ भागात 'कुफ्स' आणि 'बलूस' अशा दोन लोकांची नोंद केली आहे, आणि फिर्दौसीने शाहनाम्यात 'कूच' आणि 'बलूच' ही नावं जोडीने वापरली. तिथून सेल्जुक तुर्कांच्या काळात आणि नंतर ते मक्रान आणि सीस्तानकडे सरकले. किरमानच्या आधी कुठे होते? भाषेचं वायव्येचं नातं पाहून कॅस्पियन समुद्राच्या बाजूने खाली आले, असं अनेक अभ्यासक मानतात. माझं मत सावध आहे. भाषा वायव्य शाखेची आहे याचा अर्थ तिचे आजचे सगळे भाषक वायव्येहून चालत आले असा होत नाही. थोडी माणसं भाषा घेऊन येतात आणि वाटेत भेटलेले अनेक जण ती उचलतात. बलुचांच्या बाबतीत तसं घडलं असणं मला जास्त पटतं, आणि त्याचं कारण पुढे येतंच.

पंधराव्या-सोळाव्या शतकात मीर चाकर रिंद हा मोठा सरदार झाला. सिबी हे त्याचं ठाणं. रिंद आणि लाशारी या दोन बलुच टोळ्यांचं युद्ध परंपरेनुसार तीस वर्षं चाललं. गोहर नावाच्या उंटिणींच्या मालकिणीने चाकरच्या आसऱ्याला येऊन राहावं आणि लाशारींच्या तरुणांनी तिच्या उंटिणींची पिलं मारावीत, एवढ्यावरून ते पेटलं. आसऱ्याला आलेल्याला बलुचीत बाहोट म्हणतात. त्याला किंवा तिला इजा झाली तर आसरा देणाऱ्याची अब्रू गेली, मग परिणाम काहीही होवोत. या युद्धात बलुच पंजाब आणि सिंधपर्यंत पसरले. चाकरची कबर आज पाकिस्तानी पंजाबातल्या ओकाडा जिल्ह्यात सतघरा इथे आहे, बलुचिस्तानात नाही.

आता भाषा आणि जमात यांची फारकत. बलुचिस्तान प्रांत आकाराने ३,४७,१९० चौरस किलोमीटर, महाराष्ट्रापेक्षाही मोठा, आणि लोकसंख्या २०२३च्या जनगणनेनुसार दीड कोटीच्या आत. त्यातले बलुची मातृभाषा सांगणारे सुमारे ४० टक्के, पश्तो ३४, आणि ब्राहुई १७. ब्राहुई ही द्राविडी भाषा आहे. एक, दोन, तीन म्हणजे असिट, इराट, मुसिट. इर आणि मू ओळखायला कन्नड किंवा तमिळ येणाऱ्याला क्षणही लागणार नाही. डोळा खन, तोंड बा, पाणी दीर. पण चारपासून पुढे आकडे इराणी. आणि ही ब्राहुई बोलणारी माणसं स्वतःला बलुच म्हणवतात! कलातचे खान, म्हणजे ज्या घराण्याने १६६६पासून बलुचांना एका सत्तेखाली आणलं, ते ब्राहुई टोळीतलेच, आणि त्यांच्या दरबाराचा कागद लिहिला जायचा फारसीत. बलुचांचं सर्वांत मोठं राज्य, ब्राहुई मुळाचा राजघराणा, फारसी दफ्तर. यातलं काहीही तिथल्या माणसाला विसंगत वाटत नाही.

ब्राहुई तिथे सिंधू संस्कृतीपासून उरली की दक्षिणेकडून नंतर गेली, यावर वाद आहे. नंतर गेली या बाजूचा एक चांगला मुद्दा असा की ब्राहुईत खूप जुने इराणी शब्द आढळत नाहीत, जे आहेत ते बहुतेक बलुचीतून आलेले. पण तो वेगळ्या उत्तराचा विषय.

उलट दिशेचंही उदाहरण घ्या. सिंधवर १७८३पासून १८४३पर्यंत राज्य करणारे तालपूर मीर बलुच होते. मियानीच्या लढाईत ब्रिटिश सेनापती नेपियरसमोर लढलेलं त्यांचं सैन्य बलुचांचं. पण त्यांच्या घरात तोपर्यंत सिंधी आणि सराइकी रुळली होती. आजही सिंध आणि दक्षिण पंजाबात लक्षावधी लोक बलुच आडनाव लावतात, बलुच असल्याचा अभिमान बाळगतात आणि बलुचीचा एक शब्द बोलत नाहीत. आणि मक्रानच्या किनाऱ्यावर आफ्रिकन मुळाचे लोक आहेत, ज्यांचे पूर्वज ओमानी व्यापारातून गुलाम म्हणून आले. ते अस्सल मक्रानी बलुची बोलतात आणि ल्यारीतलं बलुची संगीत त्यांच्याशिवाय ऐकूच येणार नाही.

हे असं का होतं, याचं सर्वांत नेमकं स्पष्टीकरण मला नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांच्याकडे मिळालं. १९६०च्या दशकात त्यांनी पठाण आणि बलुच यांच्या सीमेवर काय घडतं याचा विचार मांडला. पठाणांची जिरगा, म्हणजे टोळीची सभा, बरोबरीच्या पुरुषांची. तिथे जमीन आणि वंशावळ नसलेल्या परक्याला उभं राहायला जागा नाही. बलुचांची तुमन म्हणजे टोळी सरदाराभोवती बांधलेली. सरदाराला माणसं हवीत, आणि जो त्याचा आसरा घेईल, लढाईत उभा राहील, लग्न-मयताला खांदा देईल, त्याला टोळीत कुठल्यातरी पायरीवर जागा मिळते. त्यामुळे सीमेवर पठाणाचा बलुच व्हायचा, उलटं क्वचितच. म्हणूनच म्हटलं की भाषा आणि माणसं एकाच वाटेने आली असं धरू नये. बलुच होण्याची प्रक्रिया शतकानुशतकं चालूच आहे.

आता तिसरा प्रश्न, आणि मराठी वाचकाचा जीव जिथे गुंततो तो. डेरा बुगटीच्या परिसरात 'मराठा' नाव धारण करणारा गट आहे. त्यांची आणि आपल्याकडच्या अनेकांची धारणा अशी: १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर जे कैद झाले, त्यातले काही अब्दालीने परतीच्या वाटेवर कलातचा खान मीर नसीर खान याच्या हवाली केले, कारण कलातने अब्दालीला सैन्य पुरवलं होतं. खानाने ते मर्री, बुगटी वगैरे टोळ्यांना वाटून दिले. अब्दाली आणि नसीर खान यांच्यात १७५८मध्ये करार झाला होता आणि त्यात सैन्य पुरवण्याची अट होती, एवढं इतिहासात पक्कं आहे. त्यामुळे कथेची चौकट अशक्य कोटीतली अजिबात नाही. बुगटींमध्ये या गटाचं स्थान दीर्घकाळ खालचं, श्रम करणाऱ्यांचं राहिलं. आज ते मुस्लिम आहेत आणि आजूबाजूचे बुगटी बोलतात तीच पूर्वेकडची बलुची बोलतात.

मग मराठी का नाही? मला हे आश्चर्याचं वाटत नाही. उरली असती तर वाटलं असतं. तुलनेला तंजावर घ्या. १६७०च्या दशकात व्यंकोजीराजांबरोबर गेलेल्यांची मराठी साडेतीनशे वर्षं टिकली. का? तिथे कुटुंबंच्या कुटुंबं गेली, राज्य आपलं होतं, दरबार, मठ, कीर्तन, मोडी कागद, आपसांतली लग्नं हे सगळं मराठीत होतं. डेरा बुगटीत यातलं काहीच नव्हतं. युद्धातले कैदी म्हणजे विस्कटलेली माणसं. पानिपतच्या छावणीत सगळे मराठीच बोलत होते असंही नाही. फौजेत आणि बाजारबुणग्यांत नाना मुलखांचे लोक होते. ती माणसं वेगवेगळ्या टोळ्यांत वाटली गेली, लग्नं स्थानिक झाली, धर्म बदलला, मुलं मालकाच्या भाषेत वाढली. अशा स्थितीत घरातली भाषा तिसऱ्या पिढीला मोडते, आणि १७६१पासून आतापर्यंत नऊ-दहा पिढ्या उलटल्या आहेत.

आपल्याकडे अधूनमधून वाचायला मिळतं की हे लोक अजून आईला 'आई' म्हणतात, म्हणून ते नक्की मराठे. हा पुरावा मला धरवत नाही. गुजरात-कच्छ-काठियावाडात चारणांच्या देवीला आई म्हणतात, आई खोडियार प्रसिद्धच आहे, आणि हा सगळा पट्टा सिंधला लागून आहे. एका शब्दावर वंश ठरत नाही. खरा शोध घ्यायचा तर तिथल्या बायकांच्या तोंडची नात्यांची नावं, स्वयंपाकाचे आणि शेतीचे शब्द, शिव्या, अंगाईगीतं, बाळंतपणाचे विधी हे बसून नोंदवावे लागतील, आणि त्यातून सिंधी, सराइकी, जटकी यांत सापडणारं सगळं वजा करून काय उरतं ते पाहावं लागेल. डेरा बुगटी हा गेली अनेक दशकं अशांत टापू आहे. सुईचा नैसर्गिक वायू १९५२मध्ये तिथेच सापडला, आणि २००६च्या ऑगस्टमध्ये नवाब अकबर बुगटी लष्करी कारवाईत मारले गेले. तिथे जाऊन महिनोन्महिने शांतपणे शब्द गोळा करणं आज कुणालाच शक्य नाही, भारतीयाला तर नाहीच. पण या लोकांना आपले म्हणायला मराठी शब्दाचा दाखला लागतो असं मला वाटत नाही. ते स्वतःला मराठा म्हणवतात आणि बलुचही म्हणवतात, आणि त्या समाजाच्या रीतीप्रमाणे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण या भाषेबद्दल लिहायचं आणि तिच्या गाण्याबद्दल नाही, हे बरोबर होणार नाही. बलुची फार उशिरा लिहिली गेली. चाकर-लाशारी युद्ध, हानी आणि शेह मुरीद यांचं प्रेम, पोर्तुगीजांशी समुद्रावर लढून कैदेत मेलेला हम्मल, हे सगळं शतकानुशतकं गळ्यातून गळ्यात आलं. (हम्मलचे शत्रू म्हणजे गोव्याहून कारभार चालवणारेच पोर्तुगीज, १५८१मध्ये त्यांनी ग्वादर आणि पसनी जाळली.) हे वीरकाव्य गाणाऱ्याला पहलवान म्हणतात. कुस्तीशी त्याचा संबंध नाही, तो आपल्या शाहिरासारखा. सोबत सुरोझ, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, आणि तालाला दंबूरग. बाकी गाण्यांची नावंच ऐका: विरहाचं झहीरोक, बाळासाठी लोली, मरणाचं मोतक, लग्नातलं हालो आणि नाझेंक, उंटवाल्यांचं लीको, मच्छीमारांचं आंबा. अठराव्या शतकातला जाम दुर्रक नसीर खानाच्या दरबारचा कवी, आणि एकोणिसाव्या शतकात मर्री डोंगरांत सम्मोच्या वेडात भटकलेला मस्त तवकली. मस्तचं काव्य ऐकताना शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत.

रोजच्या बोलण्यातही एक रीत आहे जिच्यामुळे ही भाषा लिपीवाचून इतकी टिकली असावी. दोन बलुच भेटले की 'हाल' द्यायचा असतो. मस्कतजवळच्या मत्रह बंदरापाशी मी हे कितीदा तरी पाहिलं. केचहून आलेला माणूस बैठकीत येतो, हात मिळवणं होतं, पाणी येतं, मग सगळे गप्प बसतात आणि वडीलधारा विचारतो: हाल कन. पाहुणा मग कुठून निघालो, वाटेत कोण भेटलं, पाऊस झाला का, खजुरीला यंदा कसा बार आहे, कोण आजारी, कोण गेलं, कुणाची पोरगी दिली, हे सगळं एका लयीत, न अडखळता सांगत जातो. मध्ये कुणी बोलत नाही. त्याचं संपलं की दुसऱ्या बाजूने हाल दिला जातो. टेलिफोन आणि वर्तमानपत्र नसलेल्या ओसाड मुलखात बातमी अशीच फिरायची. नीट, क्रमवार, सुंदर बोलता येणं ही तिथे प्रत्येकाकडून अपेक्षित असलेली गोष्ट आहे, आणि मुलं ती ऐकत ऐकतच शिकतात.

लेखनाची बाजू मात्र दुबळी राहिली, आणि इथे मला खरी काळजी वाटते. पाकिस्तानात उर्दू धाटणीची अरबी लिपी वापरतात, इराणात फारसी धाटणीची. तुर्कमेनिस्तानच्या बलुचांसाठी १९३०च्या दशकात सोव्हिएत राजवटीने लॅटिन लिपीत वृत्तपत्र काढलं आणि काही वर्षांत बंद पडलं. पुढे स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात जमून अभ्यासकांनी आणि लेखकांनी एक लॅटिन वर्णमाला सुचवली. उप्सालाच्या करीना जहानी यांनी या भाषेसाठी जेवढं काम केलं आहे तेवढं फार थोड्यांनी केलं. पण कोणती बोली प्रमाण धरायची, अरबीतले बलुचीला नको असलेले वर्ण लिहायचे की नाही, यावर एकमत नाही. बलुची अकादमी क्वेट्ट्यात १९६१पासून आहे. ग्वादरचे सय्यद जहूर शाह हाशमी यांनी आयुष्य वेचून शब्दकोश केला, 'नाझुक' ही पहिली बलुची कादंबरी १९७६मध्ये त्यांनीच लिहिली, आणि त्यांचा कोश छापून आला तो त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी, २०००मध्ये. त्यांच्या नावाचं ग्रंथालय कराचीच्या मलीरमध्ये उभं करणारे प्राध्यापक सबा दश्तियारी यांची २०११च्या जूनमध्ये क्वेट्ट्यात गोळ्या घालून हत्या झाली. पुस्तकं गोळा करणारा माणूस असा जातो, तेव्हा त्या भाषेतल्या पुढच्या किती जणांनी लेखणी खाली ठेवली असेल, याचा विचार मनातून जात नाही.

शाळेचं म्हणाल तर १९९०मध्ये बलुचिस्तान सरकारने प्राथमिक वर्गांत मातृभाषा आणली आणि ते थोड्याच काळात मागे पडलं; २०१४मध्ये पुन्हा कायदा झाला, मातृभाषा हा जादा विषय म्हणून. जादा विषय आणि शिकण्याचं माध्यम यांतलं अंतर मराठी माणसाला समजावून सांगायला नको. इराणात सरकारी शाळा फारसीतच. २०२३च्या पाकिस्तानी जनगणनेत बलुची मातृभाषा सांगणारे ८० लाखांवर आहेत, शिवाय इराण, अफगाणिस्तान, ओमान, अमिराती. एवढे बोलणारे असताना भाषा मरत नाही. पण बोलणाऱ्याला स्वतःची भाषा वाचता न येणं, हे आज बहुसंख्य बलुचांचं वास्तव आहे. २०२४मध्ये गूगलच्या भाषांतर सेवेत बलुची आली, आणि तिथे आज जे मजकूर तयार होतात त्यांत उर्दू आणि फारसी वाक्यरचना डोकावते, कारण शिकायला तिला पुरेसं चांगलं बलुची लेखनच मिळालेलं नाही.

तुम्हाला शिकायची असेल तर मक्रानी बोलीपासून सुरुवात करा. आखातात तीच ऐकू येईल, ग्वादर १७८३पासून १९५८पर्यंत ओमानच्या ताब्यात होतं त्यामुळे मस्कत-मत्रहमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचे बलुची मोहल्ले आहेत. कर्मणी प्रयोग तुम्हाला घरचाच आहे, ट-ड जमतातच, आणि निम्मे परके शब्द फारसीमार्गे मराठीत आधीच आलेले आहेत. 'ग्व' आणि लांब ए-ओ यांच्याकडे लक्ष द्या, कारण उर्दू लिपीत ते नीट दिसत नाहीत. भेटल्यावर वयाने मोठ्या पुरुषाला वाजा म्हणा, बाईला बानुक. ते 'वश आतके' म्हणतील, म्हणजे या, बरं झालं आलात. निरोप घेताना मिन्नतवार म्हणा, आभाराचा तो शब्द. आणि हाल विचारला तर 'सगळं ठीक' एवढ्यावर थांबू नका. तुम्ही कुठून आलात, पाऊसपाणी कसं आहे, हे त्यांना खरोखर ऐकायचं असतं.